मदत हवी आहे: जुन्या बीटलला मॅट काळा रंग द्यायचाय, पण टिकणारा

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे १९६६ ची फोक्सवॅगन बीटल आहे. दोन वर्षांपूर्वी मी स्वतःच स्प्रे कॅनने तिला मॅट काळा रंग दिला. पहिले सहा महिने दृष्ट लागावी अशी दिसत होती. बहुधा लागलीच. आता टपावर हात फिरवला की तळव्याला राखाडी भुकटी लागते. दाराच्या हँडलभोवती आणि खिडकीत कोपर टेकतो तिथे तेलकट चकाकी आलीये. या मॉडेलचं पेट्रोलचं तोंड पुढच्या झाकणाखाली असतं. एकदा भरताना नोझल ठिबकलं, ओघळ पार नाकापर्यंत गेला, आणि पुसायला गेलो तर रंगच फडक्यावर आला.

वर मी आणखी शहाणपणा केला. डाग जावा म्हणून दारावर रबिंग पॉलिश मारलं. आता तिथे ताटाएवढं टक्कल चमकतंय.

तरीही मला मॅटच हवाय. चकचकीत काळ्यात पत्र्याची लाट न् लाट दिसते, आणि माझ्या दारांमध्ये लाटांना तोटा नाही. प्रश्न असे:

या रंगावरच हार्डनरवाला (पक्का करणारं रसायन मिसळलेला) रंग मारला तर चालेल का, की सगळं खरवडायचं? मॅट काळा रंग एकदाच मारावा की काळ्या बेसवर मॅट क्लिअर (वरचा पारदर्शक थर)? आणि कुणीतरी सुचवलं की सायलेन्सरला मारतात तो काळा रंग वापर, उष्णता सोसतो म्हणजे ऊनही सोसेल. खरं आहे का?

प्रतिसाद १

शेवटचं आधी: अजिबात नको. सायलेन्सरच्या रंगात बहुतेक वेळा सिलिकॉन रेझिन असतं, ते पूर्ण पक्कं व्हायला साधारण २०० अंश सेल्सिअसची धग लागते. दार काही तेवढं तापत नाही. रंग कायम कच्चा राहील, नखानेही निघेल.

आता जुन्या रंगाबद्दल. फडक्यावर थिनर घेऊन एका कोपऱ्यात मिनिटभर दाबून धरा. रंग सुटला तर तो नुसता वाळलेला आहे, पक्का झालेला नाही. त्यावर २के, म्हणजे तुम्ही म्हणता तो हार्डनरवाला रंग, मारलात तर त्यातलं थिनर खालचा थर फुगवेल आणि सुरकुत्या पडतील. असा थर काढावाच लागतो.

प्रतिसाद २

तुमच्या गाडीला काय झालं ते सांगतो, म्हणजे पुढचं आपोआप कळेल. मॅट दिसतो कारण पृष्ठभाग सूक्ष्म पातळीवर खडबडीत असतो आणि प्रकाश विखुरतो. हा खडबडीतपणा आणायला रंगात बारीक सिलिका घालतात. भुकटी जास्त, म्हणजे तिला धरून ठेवणारं रेझिन त्या मानाने कमी. साध्या कॅनमधलं रेझिन उन्हाने झिजलं की भुकटी मोकळी होते, तीच तुमच्या हाताला लागते. काळं रंगद्रव्य बिचारं शाबूत असतं, काजळीच ती. पॉलिशने तुम्ही ते खडबडीत टोक घासून सपाट केलंत, म्हणून टक्कल. ते परत मॅट होणार नाही.

म्हणून माझं मत: २के बेस आणि वर २के मॅट क्लिअर. ऊन, पेट्रोल, पक्ष्यांची घाण, सगळा मार क्लिअर खातो. चकचकीत रंगात मॅटिंग पेस्ट (चमक मारणारी) कालवूनही जमतं, पण जितकी जास्त पेस्ट घालाल तितका रंग नाजूक.

आणि थोडी तडजोड करणार असाल तर पूर्ण मॅटऐवजी सॅटिन घ्या. पॉलिश केलेल्या काळ्या काचेची चमक ६० अंशांच्या कोनातून मोजून १०० धरतात. त्या हिशेबात मॅट साधारण १०–१५ च्या खाली आणि सॅटिन ३०–४० च्या आसपास, कंपनीगणिक थोडा फरक. सॅटिनवर बोटांचे ठसे कमी उठतात, लाटा तरीही लपतात.

प्रतिसाद ३

सॅटिनला माझा विरोध. एवढा खटाटोप करून अर्धवट चमक कशाला? बाकी क्लिअरबद्दल सहमत.

खरी गोम मारण्यात आहे. चकचकीत रंगात धूळ बसली, ओघळ आला, तर घासून पॉलिश करता येतं. मॅटमध्ये माफी नाही, गनमधून येईल तेच शेवटचं. डबा तळापासून ढवळा, सिलिका खाली बसते. हार्डनर मापानेच. दोन पट्टे पाऊणभर एकमेकांवर यायला हवेत, अर्धे नव्हे, नाहीतर झेब्रा होतो. पहिला कोट पूर्ण मॅट दिसेपर्यंत दुसरा मारू नका. घाईत थिनर आत अडकतं आणि चमकीचे ढग दिसतात. जाड कोटही नको, जाडीबरोबर चमक वाढते.

बीटलची चारही मडगार्ड बोल्टवर निघतात, म्हणून सगळे ती वेगळी रंगवतात. मॅटमध्ये इथेच फसतात. एकाच दिवशी, एकाच मिश्रणातून मारा आणि टांगताना गाडीवर बसतात त्याच कलाने टांगा. पुढे ओरखडा पडला तर टचअप दिसणारच, तो पूर्ण पत्रा रंगवावा लागतो. पण मडगार्ड काढता येतं ही तुमची चैन आहे.

धागाकर्ता

थिनरची परीक्षा केली. काळा सुटला, खालचा प्रायमरही सुटला, त्याखालचा मूळ फिकट निळा मात्र ढिम्म. म्हणजे निळ्यापर्यंत उतरायचं ना? काही जागी पत्राही उघडा आहे.

प्रतिसाद १

हो. निळा घट्ट असेल तर तोच पाया. उघड्या पत्र्यावर आधी इपॉक्सी प्रायमर, मग पुट्टी, २के सरफेसर (घासून सपाट करायचा प्रायमर), ४०० आणि शेवटी ६०० चा वॉटर पेपर. नुसता प्रायमर मारून गाडी महिनोन् महिने ठेवू नका. सरफेसर ओल शोषतो आणि इपॉक्सी उन्हात भुरभुरतो.

प्रतिसाद ४

कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. २के च्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याने दमा जडू शकतो, आणि एकदा शरीराने ते धरलं की पुढे थोडंसंही सहन होत नाही. कापडी मास्क म्हणजे काहीच नाही. बाहेरून हवा पुरवणारा मास्क, हातमोजे, अंगभर सूट लागतो. ते नसेल तर घासकाम, पुट्टी तुम्ही करा आणि फवारणी बूथ असलेल्या रंगाऱ्याकडे द्या.

धागाकर्ता

मग फवारणी बाहेरच. घासकाम या आठवड्यात सुरू करतोय. मेण, पॉलिश, ब्रशवाली मशीन धुलाई हे यापुढे बंद, एवढं टकलाने शिकवलं. एक राहिलंच: मडगार्ड आणि बॉडीच्या मधली रबरी पट्टी रंगाआधी बसवायची की नंतर?

प्रतिसाद ३

नंतर, आणि नवीच घ्या. जुनी काढताना तिच्याखाली गंज सापडेल, तेव्हा धागा परत वर आणा.