फ्युएल पंप बदलण्याआधी वायर तपासा
ताशी २५५ लिटर पेट्रोल देणारा पंप टाकूनही फुल बूस्टला (टर्बोचा दाब पूर्ण असताना) मिश्रण लीन होतंय, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय, तर पंपच खराब, असं काही जण म्हणतात. मला नाही पटत. आधी लोडवर, म्हणजे इंजिनावर ताण असताना, थेट पंपाच्या कनेक्टरवर व्होल्टेज मोजा. बॅटरीपाशी १३.५ आणि पंपापाशी ११ दिसले, तर दोष मूळच्या बारीक वायरचा. बॅटरीपासून फ्यूज लावून जाड वायर आणा, वेगळा रिले (थोड्या करंटवर चालून मोठा करंट जोडणारा स्विच) आणि पक्कं अर्थिंग द्या. जुनी वायर फक्त रिले चालू करायला वापरा. आणि हो, टाकीत पंपाला जोडलेला तो बोटभर होज (रबरी नळी)! बाहेरचा साधा फ्युएल होज पेट्रोलात बुडून राहिला की फुगून मऊ पडतो. माझा असाच क्लॅम्पखालून सटकला होता. पंप बिचारा पेट्रोल टाकीतल्या टाकीतच फिरवत बसला. बुडवून वापरण्यासाठी बनवलेलाच होज घ्या.