बॉयलरचं प्रेशर सारखं उतरतंय, नवाच घ्यावा लागेल का?

रेडिंगहून, शनिवार सकाळ

नमस्कार मंडळी,

मी या यादीवर नवीन. उन्हाळ्यात आम्ही इथे इंग्लंडमध्ये पहिलं घर घेतलं. तीन बेडरूम, एक बाथरूम, स्वयंपाकघरातल्या कपाटात गॅसचा कॉम्बी बॉयलर, म्हणजे घर आणि नळाचं पाणी दोन्ही तापवणारा. आधीच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये विजेचे हीटर होते, त्यामुळे यातलं आम्हाला ओ की ठो कळत नाही.

थंडी पडल्यावर हीटिंग सुरू केलं आणि दोन दिवसांत बॉयलर बंद. गेजचा काटा जवळजवळ शून्यावर. व्हिडिओ बघून खालच्या चंदेरी नळीतून पाणी भरलं, काटा दीडवर आणला, चालू झाला. काही दिवसांनी पुन्हा तेच. आता हा नेमच झालाय. एका कंपनीच्या माणसाला बोलावलं तर त्यानं कपाट उघडलं, बॉयलरचं वय विचारलं आणि "जुना झालाय, नवीन टाका, तीन हजार पौंड" सांगून गेला.

शिवाय वरच्या मजल्यावरचा एक रेडिएटर (खोली तापवणारं, गरम पाणी खेळवलेलं पॅनेल) अर्धाच तापतो. आणि स्वयंपाकघरात कुणी गरम पाणी सोडलं की शॉवरची धार बारीक होते. हे सगळं एकाच दुखण्याचं आहे का? डिसेंबरात महिनाभर पुण्याला जायचंय, त्याआधी निकाल लावायचाय.

हॅरोहून, शनिवार दुपार

अरे, घाबरू नकोस. आधी रेडिएटरची हवा काढ. किल्ली कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते. हीटिंग बंद कर, रेडिएटर गार होऊ दे, वरच्या कोपऱ्यात चौकोनी टोक असतं त्यात किल्ली घाल आणि अर्धा आटा फिरव. फुस्स करून हवा जाईल, पाणी आलं की लगेच बंद. खाली जुनं फडकं आणि वाटी धर. ते पाणी शाईसारखं काळं असतं, कार्पेटवर सांडलं तर डाग जन्मात निघत नाही.

आणि थंडीतून घरी आलं की थर्मोस्टॅट सरळ २५ वर ठेवावा, घर पटकन तापतं, मग खाली आणायचा. आमच्याकडे वर्षानुवर्षं असंच चालतं.

काकू

लूटनहून, शनिवार रात्र

मंडळी, माझं रोजचं काम हेच, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

रेडिंगकर, तुमची तीन वेगळी प्रकरणं आहेत. शॉवरचं आधी, कारण तो बिघाडच नाही. कॉम्बीत गरम पाण्याचा साठा नसतो, नळ उघडला की तेवढ्यापुरतं पाणी तापतं. २४ किलोवॉटचा कॉम्बी पाण्याचं तापमान ३५ अंशांनी वाढवून मिनिटाला साधारण १० लिटर देतो. हिवाळ्यात नळाचं पाणी मुळातच पाच-सात अंशांचं येतं. त्या १० लिटरमध्ये दोन नळांनी वाटणी मागितली तर दोघांनाही कमीच मिळणार. नवा बॉयलर घेतलात तरी, मोठा घेतल्याशिवाय, हेच होईल.

रेडिएटरला हात लावून बघा. वर गार आणि खाली गरम असेल तर हवा, काकूंनी सांगितलं तसं करा. खाली मध्यभागी गार आणि वर गरम असेल तर आत गंजाचा काळा गाळ बसलाय, तिथे किल्लीचा उपयोग नाही, सिस्टिम धुवून घ्यावी लागते. हवा काढली की प्रेशरही थोडं उतरतं, तेव्हा नंतर गेज बघायला विसरू नका.

आता मुख्य दुखणं. बॉयलर गार असताना काटा १ ते १.५ बार (बार हे प्रेशरचं माप) हवा. पाणी तापलं की फुगतं, त्याला जागा मिळावी म्हणून बॉयलरच्या आत एक डबा असतो, एक्स्पान्शन व्हेसल. त्यात रबरी पडदा, पडद्याच्या एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला कोंडलेली हवा. वर्षांमागून वर्षं ती हवा कमी होत जाते. मग फुगलेल्या पाण्याला जागा उरत नाही, काटा ३ बारकडे धावतो, तिथे सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो आणि पाणी भिंतीबाहेर टाकतो. सिस्टिम गार झाली की तेवढं पाणी कमी, काटा शून्याकडे. तुम्ही पुन्हा भरता, ते पुन्हा बाहेर जातं.

हे घरच्या घरी ओळखता येतं. हीटिंग पूर्ण तापलेलं असताना गेज बघा. काटा दोनच्या बराच वर जात असेल तर संशय व्हेसलवर. मग बॉयलरच्या मागच्या बाजूला बाहेरच्या भिंतीतून तांब्याची बारीक नळी निघून तोंड भिंतीकडे वळवलेली दिसेल. तिच्या टोकाला छोटी प्लास्टिकची पिशवी सैलसर बांधा आणि रात्रभर ठेवा. सकाळी पिशवीत पाणी असेल तर चोर सापडला. पिशवी कोरडी आणि काटा तापल्यावरही जागचा फारसा हलत नाही, तर कुठेतरी गळती आहे: रेडिएटरच्या व्हॉल्व्हखाली, नाहीतर फरशीखाली.

पाणी भरत राहून दिवस काढू नका. दर वेळी ताज्या पाण्याबरोबर ऑक्सिजन आत जातो, रेडिएटर आतून गंजतात आणि गंज रोखायला घातलेलं रसायन पातळ होतं. वरच्या रेडिएटरमध्ये गाळ असेल तर तो कदाचित असाच आला असेल. आणि भरून झाल्यावर चंदेरी नळीचे व्हॉल्व्ह घट्ट बंद आहेत ना, तेही बघा. एक जरी थोडा उघडा राहिला तर प्रेशर उलट वर चढत राहतं.

व्हेसलमध्ये हवा भरायला बॉयलरचं झाकण काढावं लागतं, ते काम तुमचं नाही. बहुतेक बॉयलरमध्ये झाकण काढलं की ज्वलनकक्षाचं सील उघडं पडतं. गेज बघणं, पाणी भरणं, हवा काढणं इथपर्यंत घरमालकाची हद्द. झाकणाच्या आत गॅस सेफ रजिस्टरवरचाच (गॅसचं काम करायची परवानगी असलेल्यांच्या यादीतला) माणूस हवा. २००९ पासून तेच रजिस्टर आहे, त्याआधी कॉर्गी होतं, त्यामुळे कुणी अजून कॉर्गीचं नाव सांगून धंदा करत असेल तर दारातूनच नमस्कार करा. कार्ड मागायला लाजू नका. मागच्या बाजूला तो माणूस कुठल्या कामाला पात्र आहे ते लिहिलेलं असतं. स्वयंपाकाच्या गॅस शेगडीला पात्र असलेला माणूस बॉयलरला असेलच असं नाही.

झाकण न उघडता, गेज न बघता जो तीन हजार सांगतो त्याला मी तरी दुसऱ्यांदा बोलावणार नाही.

काकू, रागावू नका, पण २५ वर ठेवल्यानं घर लवकर तापत नाही. थर्मोस्टॅट हा नुसता चालू-बंदचा खटका. २० वर ठेवा नाहीतर २५ वर, बॉयलर तेवढ्याच जोरानं चालतो. फरक एवढाच, की तुम्ही खाली आणायला विसरता आणि गॅस जळत राहतो.

हॅरोहून, रविवार सकाळ

रागावले नाही. यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. हेच कायम वर करतात.

काकू

लेस्टरहून, रविवार

आमचं हीटिंग आज ठरल्या वेळेच्या तासभर आधीच सुरू झालं. कुणाला असा अनुभव?

लूटनहून, रविवार

काका, काल रात्री उन्हाळी वेळ संपली, घड्याळं तासभर मागे गेली. जुन्या प्रोग्रॅमरचं (हीटिंगच्या वेळा लावायच्या यंत्राचं) घड्याळ आपणहून बदलत नाही. तासभर मागे करा.

मिल्टन कीन्सहून, सोमवार

दादा, विषय निघालाच आहे म्हणून. आमचा बॉयलर चांगला नवा आहे, कंडेन्सिंग आहे, ए रेटिंगचं लेबल आहे. तरी बिल काही कमी येत नाही. सगळे म्हणतात थर्मोस्टॅट एक अंश खाली करा. घरात लहान मूल आहे, किती खाली करणार?

लूटनहून, सोमवार रात्र

ताई, थर्मोस्टॅट आहे तिथेच राहू द्या. बॉयलरवर रेडिएटरचं चित्र असलेलं बटण आहे ते बघा. (नळाचं चित्र असलेलं वेगळं, ते वापरायच्या पाण्याचं.) रेडिएटरचं बहुधा ७५-८० वर असेल, बसवणारा तिथेच ठेवून जातो, म्हणजे "घर तापत नाही" म्हणून कुणी फोन करत नाही.

२००५ पासून इंग्लंड-वेल्समध्ये नवीन गॅस बॉयलर, थोडे अपवाद सोडले तर, कंडेन्सिंगच घ्यावा लागतो. पण नाव कंडेन्सिंग असलं म्हणून तो कंडेन्स करतोच असं नाही. धुराबरोबर जाणाऱ्या वाफेचं पाणी होताना तिच्यातली उष्णता परत मिळते, हा त्यातला सगळा फायदा. त्यासाठी रेडिएटरमधून परत येणारं पाणी साधारण ५५ अंशांच्या खाली हवं. ८० वर सोडलेलं पाणी ६० वर परत येतं, मग वाफ तशीच बाहेर जाते. बटण ६० वर आणा. रेडिएटर हाताला पूर्वीसारखे चटका देणार नाहीत, घर तापायला थोडा जास्त वेळ लागेल, म्हणून हीटिंग अर्धा तास आधी सुरू करा. खोलीचं तापमान तेच राहील आणि मूल रेडिएटरला चिकटलं तरी भाजायची भीती कमी.

हे कॉम्बीवाल्यांसाठी. ज्यांच्याकडे गरम पाण्याची टाकी आहे त्यांनी ६५ च्या खाली जाऊ नये. टाकीतलं पाणी ६० पर्यंत पोचलं नाही तर लिजिओनेला जिवाणूंना आयतं घर मिळतं.

स्लाऊहून, मंगळवार

मी भाड्यानं राहते. आईबाबा नाशिकहून येणार आहेत आणि बाबांनी आल्या आल्या बॉयलर बंद करायला लावायचं आत्ताच ठरवलंय. आमच्या ओळखीत गॅस गीझरमुळे बाथरूममध्ये एक मृत्यू झाला होता, तेव्हापासून त्यांना धास्ती आहे. त्यांना काय सांगू? शिवाय घरमालक म्हणतो सर्व्हिसिंग तुमचं तुम्ही करा.

लूटनहून, मंगळवार

बाबांची भीती खोटी नाही. आपल्याकडचा तो गीझर बाथरूममधलीच हवा घेतो आणि धूरही बऱ्याचदा तिथेच सोडतो. खिडकी बंद, पंखा नाही, थोड्या वेळात प्राणवायू कमी आणि कार्बन मोनॉक्साइड तयार. त्याला वास नाही, रंग नाही. इथला आजचा बॉयलर बंदिस्त असतो, भिंतीतल्या नळकांड्यानं बाहेरचीच हवा आत घेतो आणि धूर बाहेरच टाकतो. खोलीच्या हवेशी त्याचा संबंध येत नाही, जोवर सील आणि नळकांडं शाबूत आहे. म्हणून वर्षाला तपासणी.

ती तपासणी घरमालकानंच करायची असते, दर १२ महिन्यांनी, आणि तिचं प्रमाणपत्र २८ दिवसांत तुमच्या हातात द्यायचं असतं. नवीन भाडेकरूला राहायला येण्याआधीच. १९९८ च्या गॅस सेफ्टी नियमांत आहे. हीटिंग आणि गरम पाण्याची दुरुस्तीही १९८५ च्या लँडलॉर्ड अँड टेनंट कायद्यानुसार त्याच्याच गळ्यात. ईमेलनं मागा, फोनवर नाही. टाळाटाळ झाली तर कौन्सिलकडे, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडे जा. भाडं मात्र स्वतःच्या मनानं कापू नका.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही इंग्लंडमध्ये ऑक्टोबर २०२२ पासून त्यानंच बसवून द्यायचाय. बॉयलरपासून एक ते तीन मीटरवर असावा, कपाटात कोंडलेला नको. बाबांच्या देखत त्याचं टेस्टचं बटण दाबून दाखवा, त्यांना जरा बरं वाटेल. अलार्म खरंच वाजला, किंवा गॅसचा वास आला, तर खिडक्या-दारं उघडा, मीटरजवळचा गॅसचा खटका बंद करा, सगळे बाहेर या आणि ०८०० १११ ९९९ ला फोन करा. चोवीस तास चालू असतो. वास येत असेल तर दिव्याच्या बटणाला हात लावू नका, फोनही बाहेर येऊनच. घरात असताना सगळ्यांचं डोकं दुखतंय, मळमळतंय आणि बाहेर पडलं की बरं वाटतंय, असं झालं तर अलार्मची वाट बघू नका.

संयोजक, मंगळवार

कृपया भाजणीच्या चकलीबद्दलची उत्तरं चकलीच्या धाग्यावर द्या. "मोहन कमी पडलं" हे वाचून मी बराच वेळ बॉयलरमध्ये मोहन शोधत होतो.

रेडिंगहून, शुक्रवार

दादा, पिशवीत पाणी! तापल्यावर काटाही तीनच्या जवळ गेला होता. रजिस्टरवर शोधून एका बाईंना बोलावलं. कार्ड मागितलं तर त्यांनाच आनंद झाला. व्हेसलमध्ये हवा उरलीच नव्हती, ती भरली. सेफ्टी व्हॉल्व्ह मात्र बदलावा लागला, एकदा उघडायला लागला की तो नीट बसत नाही म्हणाल्या. खर्च नव्या बॉयलरच्या दहाव्या हिश्श्यापेक्षाही कमी. वरच्या रेडिएटरमध्ये गाळच निघाला, तो पुढच्या महिन्यात.

आता घरात वाद असा: सौ. म्हणते बॉयलर कधीतरी जाणारच, तर आत्ताच हीट पंप (बाहेरची उष्णता विजेवर घरात आणणारं यंत्र) का नको? सरकार पैसे देतंय.

लूटनहून, शुक्रवार रात्र

देतंय, इंग्लंड-वेल्समध्ये साडेसात हजार पौंड. पण हीट पंप ४५-५० अंशांच्या पाण्यावर खूश असतो आणि त्याला गरम पाण्याची टाकी लागते, जी तुमच्या घरातून कॉम्बी बसवताना कुणीतरी काढून टाकली असणार. जागा शोधावी लागेल. तोवर फुकटची चाचणी करा: जानेवारीतल्या कडाक्याच्या आठवड्यात बॉयलरचं रेडिएटरचं बटण ५० वर ठेवा. घर आरामात २० ला राहिलं तर वहिनी बरोबर. एखादीच खोली गार राहिली तर तिथला रेडिएटर मोठा करा. सगळंच घर गारठलं तर आधी लॉफ्टमध्ये इन्सुलेशन.

पुण्याला जाताना: हीटिंग पूर्ण बंद करू नका, थर्मोस्टॅट १२-१५ वर ठेवा. विम्याची कागदपत्रं काढून वाचा. घर सलग ३० दिवसांहून जास्त रिकामं राहिलं तर बऱ्याच पॉलिसींत पाण्याच्या नळीचं नुकसान धरत नाहीत, आणि हिवाळ्यात किती तापमान ठेवायचं तेही काही ठिकाणी लिहिलेलं असतं. मुख्य पाण्याचा स्टॉपकॉक बंद करून जा, बहुतेक घरात सिंकखाली असतो. तो आत्ताच फिरवून बघा, वर्षानुवर्षं न हलवलेला असेल तर नेमका विमानाच्या दिवशी अडकेल. सीलबंद सिस्टिमला तो बंद असल्यानं काही फरक पडत नाही.

बॉयलरमधून बाहेर जाणारी पांढरी प्लास्टिकची नळी आहे, ती कंडेन्सेटची, म्हणजे धुरातल्या वाफेचं जे पाणी होतं त्याची. २०१० च्या डिसेंबरात ती गोठून देशभर बॉयलर बंद पडले होते. तुमची बाहेरून जात असेल आणि बारीक असेल तर जाण्याआधी तिच्यावर फोमचं आवरण घाला. शेजाऱ्यांकडे किल्ली ठेवा आणि सांगून ठेवा: बॉयलर गुळगुळ आवाज करून बंद पडला तर नळीवर कोमट पाणी ओतायचं, उकळतं नाही, मग रीसेट दाबायचं.