पहिल्यांदाच दारू पिऊन गाडी चालवताना सापडला, तर तुरुंगाऐवजी काय?

मीमांसक:
अपघात नाही, कोणी जखमी नाही, आधीचा गुन्हा नाही. फक्त श्वासचाचणीत प्रमाण मर्यादेच्या वर. अशा माणसाला तुरुंगात टाकायचं नसेल तर समाजसेवा, उपचार, गाडीत इंटरलॉक (चालकाच्या श्वासात दारू आढळली तर इंजिन सुरू होऊ न देणारं यंत्र), दंड यांतलं काय आणि कोणत्या क्रमाने द्यावं? या शिक्षा फसतात त्या नेमक्या कुठे?

साक्षेपी:
पहिल्यांदा सापडला म्हणजे पहिल्यांदाच पिऊन चालवली असं नव्हे. म्हणून शिक्षा ठरवण्याआधी तपासणी हवी. जागतिक आरोग्य संघटनेची 'ऑडिट' प्रश्नावली १० प्रश्नांची आहे, गुण ० ते ४०. साधारण ८ किंवा जास्त गुण म्हणजे धोकादायक पिणं, २० किंवा जास्त असतील तर व्यसनाची शक्यता धरून डॉक्टरकडे पाठवायचं. कोर्टासमोर माणूस कमी सांगणारच, त्यामुळे सोबत रक्ताची पीईथ चाचणी करावी. तिच्यात मागच्या दोन ते चार आठवड्यांचं पिणं दिसतं.

इथेच सगळ्यात मोठी चूक होते. 'आजपासून थेंबही नाही' असा सरसकट आदेश निघतो. रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक थांबवलं तर ६ ते ४८ तासांत झटके येऊ शकतात, दोन-तीन दिवसांत भ्रम होऊन जीवही जाऊ शकतो. अशा माणसाला आधी डॉक्टरच्या देखरेखीखाली दारू सोडवावी लागते, अटी नंतर. उलट ज्याचे गुण कमी आहेत त्याला महिनोन्‌महिने व्यसनमुक्तीच्या गटात बसवणं व्यर्थ; त्याला थोडक्यात समुपदेशन पुरतं.

यंत्रज्ञ:
इंटरलॉकबद्दल लिहितो. फुंकल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही. मर्यादा बहुधा १०० मिली रक्तात २० मिग्रॅच्या आसपास ठेवतात. गाडी सुरू झाल्यावर अधूनमधून पुन्हा फुंकावं लागतं. त्यात नापास झालं तरी चालती गाडी बंद पडत नाही, ते धोक्याचं ठरेल; हॉर्न-दिवे सुरू होतात आणि नोंद होते.

दुसऱ्याने फुंकून देणं ही नेहमीची पळवाट, म्हणून कॅमेरा हवाच. माउथवॉशनेही चाचणी नापास होते. चूळ भरून १५ मिनिटं थांबून पुन्हा फुंकायचं. सकाळचं नापास होणं मात्र बहुतेकदा खरंच असतं. १०० मिली रक्तातली दारू तासाला साधारण १५ मिग्रॅने कमी होते. मध्यरात्री १५० असेल तर सकाळी सातला ४५ उरते, माणसाला मात्र आपण शुद्धीवर आहोत असं वाटतं. ही आकडेमोड शिक्षेचा भाग म्हणून घेतल्या जाणाऱ्या वर्गात प्रत्येकाकडून कागदावर करून घ्यावी.

यंत्र असेपर्यंत पुन्हा पकडले जाण्याचं प्रमाण सुमारे दोन-तृतीयांशाने घटतं. काढलं की परिणाम ओसरतो. म्हणून काढण्याची तारीख ठरवू नये. शेवटचे काही महिने एकही नापास नोंद नसेल तरच काढावं.

मीमांसक:
गाडी घरातल्या दुसऱ्याच्या नावावर असेल तर?

यंत्रज्ञ:
अट गाडीवर न घालता परवान्यावर घालायची: इंटरलॉक नसलेली कोणतीही गाडी चालवायची नाही. आणि यंत्राचं भाडं परवडत नसेल तर सवलत हवी, नाहीतर लोक यंत्र नाकारून विनापरवाना चालवतात.

न्यायपथ:
समाजसेवेत तास ठरवले जातात, पण हजेरी कोण घेणार हे आदेशात नसतं. मग ओळखीच्याची सही घेऊन काम भागतं. संस्था, वेळ, पर्यवेक्षक आणि गैरहजेरीचा परिणाम आदेशातच लिहावा. समाजसेवा म्हणून रुग्णालयाच्या अपघात विभागात पाठवण्याची कल्पना मला पटत नाही. जखमी माणूस म्हणजे कोणाच्या धड्याचं साहित्य नव्हे.

दंड ठराविक रकमेचा असेल तर श्रीमंताला तो लागत नाही. फिनलंडमध्ये १९२१ पासून उत्पन्नाच्या प्रमाणात दिवस-दंड आहे, तो न्याय्य वाटतो.

अमेरिकेतल्या साउथ डकोटात २००५ साली सुरू झालेली '२४/७' योजना मुख्यतः वारंवार सापडणाऱ्यांसाठी होती, पण तिचं तत्त्व इथे घेता येतं: सकाळ-संध्याकाळ श्वासचाचणी, आणि चुकलं की लगेच एखाद-दोन रात्री कोठडी. सहा महिन्यांनी लागणाऱ्या सुनावणीला कोणी भीत नाही. पहिल्या गुन्ह्यात सर्वांवर हे लादू नये. साक्षेपींनी सांगितलेल्या तपासणीत ज्यांचे गुण जास्त येतील त्यांच्यासाठी, आणि तेही दारू सुरक्षितपणे सुटल्यानंतरच.