साच्याशिवायचा फळांचा टार्ट: कडा खमंग, तळ मात्र गिचका

प्रश्न

दोनदा केला, दोन्ही वेळा तोच प्रकार. वरून बघावं तर मुडपलेल्या कडा सोनेरी, फळं चकचकीत, आणि सुरी घातली की खाली ओला मैदा. परवा तर तुकडा उचलायला गेले, फळं उलथन्यावर आली आणि तळ कागदालाच चिकटून राहिला. पाहुण्यांनी वाटीत घालून चमच्याने खाल्लं आणि "चव छान आहे हं" म्हणाले. ते "हं" अजून कानात आहे.

माझं प्रमाण असं: मैदा २०० ग्रॅम, बिनमिठाचं बटर १२० ग्रॅम, चिमूटभर मीठ, चमचाभर साखर, गार पाणी लागेल तसं. आत पीच आणि प्लम मिळून ७०० ग्रॅम, त्याला १०० ग्रॅम साखर. फळं चिरून साखर लावून ठेवते, मग पीठ छान मऊ मळून लाटायला घेते. त्यात अर्धा-पाऊण तास जातो. गोल लाटून मधे फळं, कडा आत मुडपायच्या. ओव्हन १८० अंशांवर, मधला कप्पा, ३५ मिनिटं. बाहेर काढला की लगेच कापते, कारण घरात कोणाला दम नसतो.

चुकतंय कुठे?

प्रतिसाद १

तळ आधी रिकामाच भाजून घ्या. वर कागद, कागदावर कडधान्य, १५ मिनिटं. मग फळं भरा. माझा कधीच ओला राहत नाही.

प्रतिसाद २

वरचा उपाय साच्यातल्या टार्टला बरोबर आहे. इथे कडा मुडपायच्यात. भाजलेलं पीठ मुडपणार कसं? तुकडे पडतील.

तुमचं वाचताना मला माझे सुरुवातीचे टार्ट आठवले. मी तर एकदा सगळा दोष ओव्हनला देऊन मोकळी झाले होते. ओव्हन बिचारा ठीक होता.

पहिली गोष्ट, "लागेल तसं" पाणी आणि "छान मऊ" पीठ. ही रोजची कणीक नव्हे. २०० ग्रॅम मैद्याला बर्फाचं पाणी तीन ते चार मोठे चमचे, म्हणजे ४५ ते ६० मिली, बस. बटर फ्रिजमधून काढल्या काढल्या चिरायचं आणि बोटांच्या टोकांनी मैद्यात चोळायचं. तळव्याने नाही, तळवा गरम असतो. वाटाण्याएवढे तुकडे दिसत असतानाच थांबायचं. बटरमध्ये साधारण १६ टक्के पाणी असतं. ओव्हनमध्ये त्याची वाफ होते आणि ती पिठाचे पदर सुटे करते. तुम्ही मऊ मळता तेव्हा बटर पिठात जिरून जातं, पदर सुटायला काही उरतच नाही. वर मळण्याने मैद्याला चिवटपणा येतो तो वेगळाच. गोळा ओबडधोबड, जेमतेम एकत्र आलेला दिसला पाहिजे. गुळगुळीत दिसला की समजा हात जास्त फिरला. चपटा करून, झाकून फ्रिजमध्ये तासभर. मग ३ मिलिमीटर जाडीचा लाटा, कडा वेड्यावाकड्या राहू देत.

दुसरं म्हणजे फळं. साखर लावून पाऊण तास ठेवता म्हणजे तुम्ही स्वतःच पाक तयार करता आणि तो कच्च्या पिठावर ओतता! साखर अगदी शेवटी लावा, पीठ लाटून समोर तयार असताना. ७०० ग्रॅम फार होतात, ५०० पुरे. साखर ७० ग्रॅम, कॉर्नफ्लोअर दीड मोठा चमचा, थोडा लिंबाचा रस. चुकून आधी लावलीच, तर सुटलेला रस गाळून घ्या, छोट्या पातेल्यात आटवा आणि भाजलेल्या टार्टवर ब्रशने लावा. मी पहिल्यांदा तो रस सिंकमध्ये ओतला होता. अजून हळहळ वाटते.

तिसरं, आच. १८० कमी आहे. २१० करा, टार्ट खालच्या कप्प्यात ठेवा, आणि रिकामा धातूचा ट्रे ओव्हनबरोबरच तापत ठेवा. टार्ट बेकिंगच्या कागदावरच रचायचा, कागदासकट २० मिनिटं फ्रिजमध्ये गार करायचा आणि मग तसाच त्या तापल्या ट्रेवर सरकवायचा. तळाला पहिल्या क्षणापासून चटका बसतो. (काचेचं भांडं वापरू नका, गार-गरमच्या धक्क्याने तडकतं.) वेळ ४५ ते ५० मिनिटं, पण घड्याळापेक्षा मधला रस बघा. कडेला बुडबुडे आले म्हणून काढायचा नाही. मधोमध सावकाश, जाड बुडबुडे यायला हवेत, कारण कॉर्नफ्लोअर उकळीच्या जवळ पोचल्याशिवाय नीट घट्ट होत नाही. मग उलथन्याने एक कड उचलून खाली डोकावा. पांढरट असेल तर आणखी पाच मिनिटं. कडा आधी लाल झाल्या तर त्यांच्यावर फॉइल टाका.

आणि काढल्यावर कागदासकट जाळीवर सरकवा. गरम ट्रेवरच ठेवला तर खालची वाफ कोंडते आणि तळाला घाम फुटतो. पाऊण तास कापायचा नाही. घरच्यांना फिरायला पाठवा.

प्रतिसाद ३

फळांखाली दोन मोठे चमचे बारीक रवा भुरभुरवा. रस शोषून घेतो.

प्रतिसाद २

रवा कधीकधी दाताखाली येतो. मी बदामाची पूड घालते, चवही येते. बदाम चालत नसतील तर ब्रेडचा कोरडा चुरा. पण पीठ आणि आच चुकली तर यातलं काहीही वाचवणार नाही.

प्रतिसाद ४

गोठवलेल्या बेरी घेतल्या तर आधी वितळू द्यायच्या का?

प्रतिसाद २

मुळीच नाही. गोठलेल्याच कॉर्नफ्लोअरमध्ये घोळवा, लगेच पसरा. वेळ दहा मिनिटं वाढेल.

मूळ प्रश्नकर्ती

आज तिसऱ्यांदा केला. पाणी मोजून चार चमचे घातलं. लाटताना कडेला इतक्या चिरा पडल्या की रडू यायचं बाकी होतं. बोट ओलं करून बुजवल्या, तरी एक सुटलीच. तिथून रस गळून कागदावर करपला आणि घरभर जळक्या साखरेचा वास. मधे बुडबुडे यायला ५५ मिनिटं लागली. पाऊण तास काही थांबवलं नाही, चाळीसाव्या मिनिटाला सुरी लावली. पण तळाचा आवाज आला! करकर! तुकडा हातात धरून खाल्ला सगळ्यांनी.

त्या चिरांचं काय करू?

प्रतिसाद २

पीठ फ्रिजमधून काढून लगेच लाटत असाल. दहा मिनिटं बाहेर ठेवा, लाटण्याने दोन-चारदा हलके ठोका, मग लाटा. आणि मुडपण्याआधी कडेला दोन इंच जागा मोकळी सोडा.

मूळ प्रश्नकर्ती

एक इंच सोडली होती. बरं.