जुन्या टेलिफिल्मच्या कॅसेट भंगारात देऊ नका, प्लीज

(मालवण, सोसायटी ग्रुप)

ए-३०१ दादा: गच्चीवरच्या खोलीत व्हीएचएस म्हणजे जुन्या व्हिडिओ कॅसेटींचा अख्खा खोका निघालाय, लेबलवर पेनाने ‘दूरदर्शन टेलिफिल्म’ लिहिलंय आणि उद्या भंगारवाला येतोय म्हणे, तर कृपया देऊ नका, मी नेतो सगळा

सेक्रेटरी काका: ने की बाबा. पण हल्ली यूट्यूबवर सगळं मिळतं ना

ए-३०१ दादा: सगळं नाही मिळत काका. थेटरात लागलेल्या पिक्चरच्या प्रिंट चार ठिकाणी असतात, टीव्हीसाठी केलेली फिल्म कधीकधी एकदाच दाखवायचे आणि विषय संपला. यूट्यूबवर जे आहे त्यातलं कितीतरी कुणीतरी घरी टेप केलेलंच आहे. बासु चटर्जींची ‘एक रुका हुआ फैसला’ बघितलीय ना सगळ्यांनी, ती कथा मुळात १९५४ ला अमेरिकेत सीबीएस टीव्ही चॅनलवर लाइव्ह झाली होती, तिचं पूर्ण रेकॉर्डिंग कितीतरी वर्षं कुणाला सापडतच नव्हतं, २००३ मध्ये मिळालं, आणि ते म्हणजे टीव्हीच्या पडद्यासमोर फिल्म कॅमेरा लावून घेतलेलं

बी-१०२ काकू: सत्यजित रायांची ‘सद्गती’ पण दूरदर्शनसाठीच केलेली, १९८१ ची. ओम पुरी, स्मिता पाटील, आपले मोहन आगाशे. तासाभराची पण नाही पण तो ओंडका फोडायचा प्रसंग बघून त्या दिवशी आमच्याकडे कोणी धड जेवलं नव्हतं. त्या खोक्यात असेल तर मला आधी दाखव रे

सी-२०४ भाऊ: माझ्याकडे पण दोन कॅसेटी आहेत, बाजूने पांढरी बुरशी दिसते, काय करूचा आता? व्हीसीआर चालू आहे, लावून बघू?

ए-३०१ दादा: भाऊ नको नको, अजिबात लावू नका!! ती बुरशी व्हीसीआरच्या हेडला, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागाला, चिकटते आणि मग पुढची चांगली कॅसेट पण खराब होते, टेप तुटायची भीती वेगळीच. आधी साफ करावी लागते. आपल्याकडच्या दमट हवेत हे होणारच, म्हणून पावसाळ्याआधी उरकूया. आणि तो व्हीसीआर जपा, शेवटची कंपनी फुनाई, त्यांनी पण २०१६ ला बनवणं बंद केलं

ए-१०४ ताई: पेनड्राइव्हवर कसं घेतात?

ए-३०१ दादा: व्हीसीआरमधून कॅप्चर कार्ड (चित्र-आवाज कॉम्प्युटरच्या फाइलमध्ये बदलणारं यंत्र), तिथून लॅपटॉप. कॅसेट जेवढा वेळ चालते तेवढाच वेळ लागतो, घाई होत नाही त्यात. त्याआधी कॅसेटच्या कडेची छोटी प्लास्टिकची पट्टी मोडायची म्हणजे चुकून वरून रेकॉर्ड होत नाही. आणि आपलं जुनं चित्र चार बाय तीनचं, नवीन टीव्हीवर ताणून बघू नका, माणसं जाडी दिसतात

सी-२०४ भाऊ: जाहिराती कापून टाक मात्र

बी-१०२ काकू: का म्हणून? त्या जाहिराती, मधली ‘रुकावट के लिए खेद है’ची पाटी, निवेदिका, हे सगळं आता कुठे बघायला मिळणार. फिल्म उद्या कुठून चांगली मिळेलही, ही संध्याकाळ परत नाही मिळायची

ए-३०१ दादा: काकूंचं एकदम बरोबर. मूळ फाइल जशीच्या तशी ठेवायची, दोन हार्डडिस्कवर, त्यातली एक दुसऱ्या घरी. बघायला हवी तर कापलेली वेगळी करू

सेक्रेटरी काका: ठीक आहे, भंगारवाल्याला सांगतो खोका सोडून बाकीचं ने. खोलीची चावी वॉचमनकडे आहे

ए-१०४ ताई: आमच्या माळ्यावर पण बघते, सासऱ्यांनी बरंच टेप केलेलं असायचं