‘विश्वासू’ की ‘इमानी’: मरेपर्यंत नेमके काय राहायचे?

मलप्रभाकाठ (खानापूर)

आमच्या लहानशा मंडळीत पाळकसाहेब कन्नडमधून संदेश देतात आणि मी त्यांच्या शेजारी उभी राहून वाक्यामागून वाक्य मराठीत सांगत जाते, कारण मागच्या बाकांवरच्या बहुतेक आज्यांचे कन्नड बाजारापुरतेच आहे. गेल्या रविवारी विषय होता स्मुर्णा येथील मंडळीला लिहिलेले पत्र, म्हणजे बायबलमधील ‘प्रकटीकरण’ या पुस्तकाचा दुसरा अध्याय. तुरुंग, हालअपेष्टा, दहा दिवसांचा छळ, सारे नीट पार पडले. पुढे ‘मरेपर्यंत विश्वासू राहा’ या वाक्यात कन्नडमधला ‘नंबिगस्त’ हा शब्द आला आणि शास्त्रात छापला आहे तसा मी ‘विश्वासू’ हा शब्द उच्चारला.

उपासना संपल्यावर एका आजींनी मला पायरीवर गाठले. “विश्वासू म्हंजे अर्जाच्या खाली लिवतात ते न्हवं? आपला विश्वासू, आन खाली सही. जीव जायच्या येळेला मानसानं अर्ज करायचा काय? इमानी ऱ्हा म्हनायचं गं.”

मी तेव्हा हसले, पण रस्ताभर तो प्रश्न मागे लागला. विश्वासू नोकर, विश्वासू गडी, विश्वासू कुत्रा या सर्व ठिकाणी भरवसा ठेवणारा दुसराच कोणी असतो आणि विश्वासू म्हटला जाणारा फक्त त्या भरवशास पात्र असतो. स्मुर्णाच्या लोकांना मात्र भीती घालण्यात आली होती, आणि त्या भीतीतही त्यांनी स्वतःच भरवसा धरायचा होता. तो अर्थ ‘विश्वासू’मध्ये उतरतो काय? येत्या रविवारी याच अध्यायाचा पुढचा भाग आहे, म्हणून जाणकारांनी कृपया मार्ग दाखवावा.

टिळकवाडीकर

ताई, अडचण खरी आहे, पण आजींचा उपाय मला मान्य नाही. ‘इमान’ हा अरबी शब्द फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला. दरबार, फौज आणि चाकरी यांचा वास त्याला अजून येतो. खाल्ल्या मिठाचे इमान राखणारा शिपाई आणि देवाच्या प्रीतीने बांधलेला माणूस यांना एका पंगतीत बसवणे मला प्रशस्त वाटत नाही. आपल्याजवळ ‘निष्ठा’ आहे, ज्यात ‘स्था’ म्हणजे उभे राहणे हा धातू स्पष्ट दिसतो. वादळात जो जागचा हलत नाही तो निष्ठावान, आणि परीक्षेच्या काळासाठी याहून नेमका शब्द मला सुचत नाही. मी ३० वर्षे मराठी शिकवले आहे, त्यामुळे हा आग्रह थोडा मास्तरी वाटल्यास क्षमा असावी.

कॅम्पातला

सर, आपण दर रविवारी प्रार्थनेच्या शेवटी ‘आमेन’ म्हणता ना? हिब्रूतील ‘आमेन’, त्याच भाषेतील ‘एमुना’ म्हणजे अढळपणा, आणि अरबी ‘ईमान’ हे तिन्ही शब्द ‘अ-म-न’ या एकाच सेमिटिक धातूचे आहेत. आपली ‘अमानत’सुद्धा त्याच कुळातली. तेव्हा आजींनी अडाणीपणाने परका शब्द सुचवला असे नसून, जुन्या कराराच्या मूळ भाषेला, हिब्रूला, सर्वांत जवळचा असा मराठीतला शब्द नकळत उचलला आहे. ‘निष्ठा’ मात्र हल्ली पक्षांतराच्या बातम्यांतच भेटते.

टिळकवाडीकर

कुळ एक असले म्हणून अर्थ एक होत नाही. मराठी कानाला ‘आमेन’मध्ये इमान ऐकू येत नाही आणि शब्द कानासाठी असतो, कोशासाठी नाही.

देऊळवाट (खानापूर)

आम्ही कॅथलिक. घरी कोकणी, शाळेत मराठी आणि कचेरीत कन्नड असा आमचा संसार आहे. आमच्याकडे श्रद्धेला ‘भावार्थ’ म्हणतात आणि श्रद्धावंताला ‘भावार्थी’. हा शब्द केवळ गोव्याचा नाही; फादर स्टीफन्स यांच्या १६१६च्या मराठी ख्रिस्तपुराणातही तो आहे, आणि संतांच्या मराठीत ‘भोळा भावार्थ’ म्हणजे भोळी भक्तीच. पुढे शाळेतल्या ‘कवितेचा भावार्थ लिहा’ या प्रश्नाने त्या शब्दाचा जीव घेतला. माझ्या आईला शेजारणीने एकदा विचारले होते की ‘भावार्थ राख’ म्हणजे काय राखायचे, सारांश?

याच जातीची दुसरी गंमत म्हणजे प्रभूच्या प्रार्थनेतील ‘आम्हांस परीक्षेत आणू नकोस’ हे वाक्य. प्रोटेस्टंट शेजाऱ्यांकडे एसएसएलसीला, म्हणजे दहावीच्या परीक्षेला, बसलेली मुले ते विशेष तळमळीने म्हणत. आम्ही तिथे ‘मोह’ म्हणतो. ग्रीकमध्ये कसोटी आणि मोह या दोहोंना एकच शब्द आहे, त्यामुळे दोन्ही घरे बरोबर आहेत.

शहापूरकर

मूळ प्रश्नाकडे येतो. नव्या करारातील ग्रीक ‘पिस्तोस’ हा शब्द भरवसा ठेवणारा आणि भरवशाचा, अशा दोन्ही अर्थांनी येतो. मराठीत आपण त्याचे दोन तुकडे केले: पहिला ‘विश्वासणारा’ आणि दुसरा ‘विश्वासू’. एरवी हे सोयीचे असते, पण भीतीच्या प्रसंगी माणूस भरवसा ठेवतो म्हणूनच भरवशाचा राहतो, आणि नेमका तोच सांधा या दोन तुकड्यांत निखळतो.

याचे उदाहरण आपल्याच गावात आहे. ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरी लिहिणारे बाबा पदमनजी १८३१ साली बेळगावात जन्मले आणि इथल्याच मिशनच्या शाळेत शिकले. मनाने ते ख्रिस्ताकडे वळले होते, पण घरची माणसे आणि जात यांच्या धास्तीने पाऊल अडत होते. मधल्या काळात जातिभेद मोडू पाहणाऱ्या मुंबईच्या परमहंस सभेतही ते वावरले, आणि तिथला सारा कारभार गुप्त होता. १८५४ साली बाप्तिस्मा घेतला तोही बेळगावात, म्हणजे ज्यांची भीती वाटत होती त्यांच्या डोळ्यांदेखत. बाप्तिस्म्यापूर्वी त्यांना विश्वास होता असे म्हणता येईल, पण विश्वासू म्हणता येईल काय? याच गृहस्थांनी पुढे ‘शब्दरत्नावली’ हा समानार्थी शब्दांचा कोश केला, हा योग मला फार आवडतो.

कॅम्पातला

टिळकवाडीकर सरांच्या मिठाकडे परत जायला हवे. स्मुर्णाचाच बिशप पॉलिकार्प याला दुसऱ्या शतकाच्या मध्यास पकडून आणले, तेव्हा रोमी प्रांताधिपतीने त्याला कैसराची, म्हणजे रोमी सम्राटाची, शपथ घेऊन ख्रिस्ताची निंदा करायला सांगितले. त्यावर म्हाताऱ्याने दिलेले उत्तर प्रसिद्ध आहे: ८६ वर्षे मी त्याची सेवा केली, त्याने माझे काही वाईट केले नाही, मग माझ्या राजाची निंदा कशी करू? सर, हे खाल्ल्या मिठाला जागणे नव्हे तर दुसरे काय आहे? आणि प्रांताधिपती त्याच्याकडे काय मागत होता? राजनिष्ठाच ना?

टिळकवाडीकर

दाखला चांगला आहे. तरी मी छापील शास्त्रातला शब्द मंचावरून बदलण्याच्या विरोधात आहे. पंडिता रमाबाईंनी खेड्यातील बायकांना कळावे म्हणून अख्खे शास्त्र सोप्या मराठीत नव्याने आणले आणि ते १९२४ साली छापून झाले, पण ते आयुष्य वेचून केलेले काम होते, पायरीवरच्या एका अभिप्रायावरून केलेली दुरुस्ती नव्हे.

मलप्रभाकाठ

सर, मी शास्त्र बदलत नाही, दुभाषीपण करते. पाळकसाहेबांना विचारले तेव्हा आणखी गोंधळ झाला, कारण कन्नडमध्ये ‘विश्वास’ म्हणजे मायासुद्धा. ‘प्रीति-विश्वास’ ही तिथली नेहमीची जोडी आहे. त्यांना ‘विश्वासू’ ऐकताना जिव्हाळा ऐकू येतो आणि आजींना अर्ज.

तंबाखूपेठ (निपाणी)

उशिरा लिहितो आहे, पण हे लिहिल्यावाचून राहवत नाही. प्लेगाच्या साथीत गाव ओस पडून सारे माळावर झोपड्या घालून राहिले, तेव्हा आमच्या पणजीने दोन मुले तिथेच पुरली आणि तरीही रात्रीची प्रार्थना चुकवली नाही, असे आजी सांगत असे. त्या गोष्टीत विश्वासू, निष्ठा, इमान यांपैकी एकही शब्द नव्हता. ती म्हणायची, “म्हातारीनं नेट सोडला न्हाई.” कोणी खचले की तिचा उपदेशही तेवढाच असे: “नेट धर.” माझ्या मते हा शब्द कन्नड ‘नेट्टगे’ म्हणजे सरळ, ताठ, यावरून आला असावा.

शहापूरकर

व्युत्पत्ती ओढून आणल्यासारखी वाटते. ‘नेटाने काम करणे’ तर कन्नडच्या वाऱ्यालाही नसलेल्या विदर्भात म्हणतात. शिवाय नेटात जोर आहे, नाते नाही. चोरही नेट धरू शकतो.

तंबाखूपेठ

चोर प्लेगाच्या माळावर प्रार्थना करत नाही. आणि ‘नेट्टगे’ पटत नसेल तर ‘नेडु’ म्हणजे रोवणे, लावणे हे पाहा. तंबाखूची लावण ज्याने केली आहे त्याला रोप रोवताना मुळाशी अंगठा का दाबतात ते ठाऊक असते.

देऊळवाट

हे ‘नेडु’ प्रकरण ‘नेट्टगे’पेक्षा अधिक संभवते. ‘नेट’ आणि ‘नीट’ यांचा काही संबंध असेल काय?

टिळकवाडीकर

‘नीट’चा येथे काही संबंध नाही. सविस्तर उद्या लिहितो.

मलप्रभाकाठ

उद्या रविवार आहे, सर, आणि आजी पुढच्या बाकावर बसणार आहेत.

तंबाखूपेठ

ताई, त्यांना एवढे विचारून घ्या की त्यांच्या माहेरी ‘नेट लावणे’ म्हणत की ‘नेट धरणे’.