मराठी शाळेच्या वर्गासाठी आंतरजालावरील साहित्य : कोणते घ्यावे आणि कसे वापरावे

प्रेषक : मधल्या गटाच्या शिक्षिका

मंडळींना सप्रेम नमस्कार.

येत्या सत्रापासून रविवारच्या शाळेतील मधला गट माझ्याकडे येत आहे. मुले आठ ते अकरा वर्षांची आहेत. घरात आजी-आजोबांचे बोलणे त्यांना बहुतेक सगळे समजते आणि काही जण उत्तरही मराठीतच देतात. पण वाचायला बसवले की अक्षराला अक्षर जोडण्यातच त्यांचा दम जातो. पहिलीचे पुस्तक समोर ठेवावे तर त्यातला मजकूर त्यांना लहान मुलांचा वाटतो, आणि चौथीचे ठेवावे तर दुसऱ्याच ओळीत गाडी अडते. आंतरजालावर मराठी साहित्य पुष्कळ आहे असे सगळेच सांगतात. आठवड्याला जेमतेम दोन तास मिळणाऱ्या वर्गात त्यातले नेमके काय उपयोगी पडते, हे अनुभवी शिक्षकांनी सांगितले तर मी ऋणी राहीन.

---

प्रेषक : शाळा समन्वयक

ताई, सप्रेम नमस्कार.

आपण लिहिलेली अडचण हीच परदेशातल्या मराठी शाळांची मुख्य अडचण आहे, असे मला वाटते. या मुलांचा कान चौथीत असतो आणि डोळा पहिलीत. त्यामुळे कोणतेही साहित्य घेताना ते ऐकवायचे आहे की वाचायला द्यायचे आहे, हे आधी ठरवावे. एकाच मजकुराकडून दोन्ही कामे करून घ्यायला गेलो, तर मुले कंटाळतात किंवा खचतात.

माझी पहिली पसंती ‘स्टोरीवीव्हर’ला आहे. प्रथम बुक्स या संस्थेने २०१५ साली सुरू केलेल्या या संकेतस्थळावर मराठीतल्या सचित्र गोष्टी विनामूल्य मिळतात आणि त्यांची चार वाचनपातळ्यांत विभागणी केलेली असते. पहिल्या पातळीवर सोपे शब्द, पुनरावृत्ती आणि चित्राखाली एखाद-दुसरी ओळ असते, तर चौथ्या पातळीवर चांगली लांबलचक गोष्ट असते. मधल्या गटासाठी मी तिसऱ्या पातळीची गोष्ट पडद्यावर चित्रे दाखवत स्वतः मोठ्याने वाचतो. मुलांसमोर तेव्हा फक्त चित्र असते, मजकूर झाकलेला असतो. दर दोन पानांनी थांबून ‘आता पुढे काय होईल?’ असे विचारले की गप्प बसणारी मुलेही बोलू लागतात. त्यानंतर जोड्या करून पहिल्या पातळीची वेगळी गोष्ट छापील स्वरूपात देतो. एकाने वाचायचे आणि दुसऱ्याने ओळीखाली बोट धरायचे. सर्वांत मोलाचे काम शेवटच्या अर्ध्या तासात होते. ऐकलेली मोठी गोष्ट मुले आपल्या शब्दांत दहा-बारा ओळींत सांगतात, मी ती फळ्यावर उतरवतो, आणि तोच मजकूर पुढच्या रविवारी त्यांचा वाचनपाठ होतो. स्वतः सांगितलेले वाक्य मूल अडखळत का होईना, पण शेवटपर्यंत वाचते. अशा फेरफाराला या संकेतस्थळाच्या मुक्त परवान्याची हरकत नाही. मूळ लेखक, चित्रकार आणि प्रकाशक यांचा उल्लेख मात्र प्रतीवर केलाच पाहिजे.

बालभारतीची पाठ्यपुस्तके पीडीएफ स्वरूपात अधिकृत संकेतस्थळावर मिळतात आणि ती हाताशी असावीतच. परंतु दिवसभर कानावर मराठी पडणाऱ्या मुलासाठी ती लिहिलेली आहेत, हे विसरून चालणार नाही. पाठांचा क्रम, कविता आणि स्वाध्यायांचे नमुने घ्यावेत. पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत ‘संपवण्याचा’ आग्रह धरू नये. बालभारतीच्याच, १९७१ पासून निघणाऱ्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंकही आंतरजालावर खुले आहेत. त्यातली कोडी आणि छोटे लेख मोठ्या गटाला फार आवडतात.

आणखी एक सुचवतो. अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करण्याच्या चित्रफिती आहेत. पडद्यावरचा आवाज बंद ठेवावा आणि सूचना आपण मराठीत द्याव्यात : कागद मधोमध दुमड, कडेला कड जुळव, टोक आत खोच, आता हलकेच फुंकर मार. ही क्रियापदे परदेशातल्या घरांत फारशी उच्चारली जात नाहीत, पण हात चालू असताना ती पाठ न करता मुलांच्या तोंडी बसतात.

---

प्रेषक : मंडळाचे ज्येष्ठ सभासद

समन्वयकांनी उत्तम लिहिले आहे, तरी दोन गोष्टींकडे लक्ष वेधणे मला आवश्यक वाटते.

पहिली गोष्ट अक्षरओळखीची. बाराखडी क्रमाने पूर्ण करून मग वाचनाकडे वळायचे म्हटले, तर आठवड्याला दोन तासांच्या शाळेत वर्ष निघून जाते. क, म, न, ल ही चार अक्षरे आणि एक काना एवढ्यावर काका, मामा, कान, नाक, मान, मला, कमाल इतके शब्द पहिल्याच दिवशी वाचता येतात. ताईंच्या गटातल्या ज्या मुलांची अक्षरेच कच्ची आहेत, त्यांना संकेतस्थळावरच्या गोष्टी देण्याआधी असे तीन-चार अक्षरगट पक्के करून घ्यावेत. ते झाले नाही, तर मुले चित्र पाहून अंदाजाने वाचतात आणि ते वाचन आहे असे आपल्याला वाटत राहते.

दुसरी गोष्ट टंकाची, म्हणजे फॉन्टची, आणि तिच्याकडे सर्रास दुर्लक्ष होते. संगणकावर तयार केलेल्या अभ्यासपत्रिकांमध्ये ल आणि श ही अक्षरे पुष्कळदा हिंदी वळणाची उमटतात. आपण फळ्यावर दोन पाकळ्यांचा ल गिरवून घ्यायचा आणि कागदावर उभ्या दांड्याचा ल द्यायचा, हा नवशिक्या वाचकावर अन्याय आहे. मराठी वळणाची अक्षरे असलेला युनिकोड टंक निवडावा, लेखनसंचात (वर्ड प्रोसेसरमध्ये) मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी नोंदवावी आणि छापण्यापूर्वी ही दोन अक्षरे डोळ्यांनी तपासावीत.

शब्दकोशांबद्दल थोडेसे. शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाविषयक डिजिटल ग्रंथालयात मोल्सवर्थचा १८५७ चा मराठी-इंग्रजी कोश आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश शोधण्याच्या सोयीसह उपलब्ध आहेत. हे दोन्ही शिक्षकांसाठी आहेत, मुलांसाठी नाहीत. तिथेच मॅक्सिन बर्नसन यांचा छोटा मराठी-इंग्रजी कोश आहे. ज्या घरांत आई किंवा वडील अमराठी आहेत, त्या घरांना तो आवर्जून सुचवावा, कारण त्यात रोजच्या वापरातली मराठी सापडते.

---

प्रेषक : मधल्या गटाच्या शिक्षिका

काका आणि समन्वयक, दोघांचेही मनःपूर्वक आभार.

आपल्या पत्रांवरून मी पहिल्या महिन्याची आखणी केली आहे. प्रत्येक वर्गाचा पहिला अर्धा तास काकांनी सांगितलेल्या अक्षरगटांना, त्यानंतर मोठ्याने वाचलेली गोष्ट, मग जोडीने वाचन आणि शेवटी फळ्यावरचे लेखन. खेळणी महिन्यातून एकदाच घेईन, कारण कात्री आणि डिंक बाहेर काढून पुन्हा आवरण्यातच बराच वेळ जातो. मुलांनी सांगितलेल्या गोष्टी मी मूळ लेखक आणि चित्रकारांच्या नावांसह सामायिक फोल्डरमध्ये ठेवत जाईन, म्हणजे लहान गटालाही त्या वाचायला देता येतील.

पालकांना एकच विनंती आहे. घरी मुलाकडून वाचून घेताना चुकलेला शब्द लगेच सांगू नये; वाक्य पूर्ण होऊ द्यावे आणि मग त्या शब्दाकडे परत न्यावे. सभागृहातला प्रोजेक्टर सकाळच्या वर्गासाठी मिळू शकेल का आणि छपाईचा खर्च शाळेच्या निधीतून करता येईल का, हे कार्यवाहांनी कृपया शुक्रवारपर्यंत कळवावे.